प्रवासाची सूज

हृदयरोगाच्या पुरुष वॉर्डात सकाळ चहाने नाही, काट्याने व्हायची. उजाडलं की व्हरांड्यातून वजनकाट्याच्या चाकांची करकर ऐकू यायची आणि पेशंट पांघरुणातूनच एकमेकांना सांगायचे, "उठा, काटासिस्टर आली." तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. पेशंटांची ती काटासिस्टर, वॉर्डातल्या मावशींची ताई, आणि मेट्रनचं डोकं फिरलेलं असलं तर "ती हट्टी बाई".

हट्टी तर ती होतीच. वजन करायचं ते सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत आणि त्याच काट्यावर. यातलं एक जरी चुकलं तरी त्या आकड्याला ती वजन म्हणायला तयार नसे. कुणी खिशात चष्मा, मोबाइल आणि कंगवा घेऊन काट्यावर चढला की म्हणायची, "आजोबा, मला तुमचं वजन हवंय. तुमच्या संसाराचं नको."

वॉर्डातले बहुतेक जण लघवीच्या गोळीवर होते. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं. आधी पाय सुजतात, मग पाणी छातीत चढतं आणि माणसाला आडवं पडवत नाही. ते पाणी ही गोळी बाहेर काढते. ऐकायला सोपं आहे, पण गोळी आपलं काम चोख करते आणि माणसाला पळायला लावते. म्हणून ती सकाळीच द्यायची, नाहीतर माणूस रात्रभर संडासाच्या खेपा घालतो आणि अंधारात कुठेतरी आपटतो. उठतानाही घाई नाही. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून जरा बसायचं, मगच उभं राहायचं, कारण रक्तदाब उतरलेला असतो आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. किती पाणी प्यायलात ते मोजायचं, किती बाहेर गेलं तेही मोजायचं. पायांत गोळे आले, छाती धडधडली, तर गप्प बसायचं नाही, कारण पाण्याबरोबर अंगातले क्षारही वाहून जातात. हे सगळं ती रोज सांगायची आणि रोज कुणीतरी विसरायचं. मग ती त्याला फैलावर घ्यायची, आणि तासाभराने त्याच्याच उशाशी बसून त्याच्या नातवाचे फोटो बघत असायची.

वजन झालं की ती प्रत्येकाच्या नडगीवर अंगठा दाबून धरायची आणि उचलायची. कातडी लगेच वर आली तर ठीक. मळलेल्या कणकेत उमटावा तसा खड्डा राहिला, तर अंगात अजून पाणी आहे. वॉर्डातल्या झाडून सगळ्या पायांवरून तिचा अंगठा फिरला होता. नवे डॉक्टर गमतीने म्हणायचे, सिस्टर चेहरा विसरतील, नडगी विसरणार नाहीत.

वॉर्डाबाहेर मात्र तिला हट्ट करायला कुणी नव्हतं. हॉस्पिटलच्या मागे क्वार्टर्स होत्या, तिथे वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. लग्न तरुणपणी जमलं नाही, पुढे ड्यूट्यांच्या धबडग्यात जमवायचं राहून गेलं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. खोलीत खिडकीला लागून एक खाट होती. तिच्यावर ती कधी झोपायची नाही. ती आईची खाट होती.

आई लांबच्या गावी दादा-वहिनीकडे असायची. बसने यायचं तर जवळजवळ अख्खा दिवस जायचा. तरी वर्षातून दोन-तीनदा आई यायची, आणि सिस्टरचं सगळं वर्ष त्या दोन-तीन वेळांभोवती फिरायचं. आई आली की खिडकीतल्या खाटेवर ठाण मांडून बसायची आणि खालच्या अंगणातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची. कुणी घाईराव, कुणी मुकी मैना. लेक ड्यूटीवरून परतली की फाटकापाशीच मान वर करायची, आणि खिडकीत आई असायची. "आज तुझा घाईराव चक्क रमतगमत गेला गं," आई वरूनच ओरडायची. आई परत गेल्यावरही कित्येक दिवस तिची मान फाटकापाशी वर व्हायची. खिडकीत कुणी नाही हे पक्कं माहीत असायचं. तरी व्हायची, आणि मग जिना चढायचा कंटाळा यायचा.

आईलाही हृदयाचा त्रास होता आणि तिलाही तीच गोळी होती. "घेतेस ना?" असं फोनवर विचारलं की "घेते गं बाई, जीव नको खाऊ," हे उत्तर ठरलेलं. बसमधून उतरायची तेव्हा मात्र तिच्या चपला पायात नसायच्या, पिशवीत असायच्या. पाय टम्म फुगलेले. "बसून बसून होतं हे. प्रवासाची सूज आहे, उद्या उतरेल," आई म्हणायची. आणि खरंच उतरायला लागायची. पिशवीतून चपलांच्या आधी पाण्याची भरलेली बाटली निघायची. "आमच्या नळाचं पाणी. तुमच्या पाण्याला काय चव आहे? घे, पी." लेक उभ्या उभ्याच ती बाटली तोंडाला लावायची. बालपणापासूनचं पाणी ते. त्याची चव तिला दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती.

मग ती आईचे पाय दोन उशांवर ठेवायची, शेजारी बसायची आणि दोघी दिवे लागेपर्यंत बोलत राहायच्या. त्या पायांना तिने कधी अंगठा लावला नाही. दिवसभर तेच करून आल्यावर घरात बसलेल्या आईच्या नडगीवर तिचा हात धजत नसे. सगळ्या जगात तिला एकच माणूस असं होतं ज्याच्यापुढे ती सिस्टर नव्हती. आईचा तिला पेशंट करायचा नव्हता.

मागच्या खेपेला आई आल्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दाराशी चक्कर येऊन खाली बसली होती. पडली नाही, भिंतीला टेकून घसरत बसली. "प्रवासाचा शीण," आई म्हणाली. लेकीने लिंबू-पाणी दिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर तिने त्याला तिथल्या तिथे उलटं-सुलटं विचारून भंडावून सोडलं असतं.

आता पुढच्या आठवड्यात आई यायची होती. खाटेवरची चादर धुऊन झाली होती. नवीन उशी आणली होती, जरा उंच, पायांखाली घ्यायला. उशी आणली हे तिने फोनवर आईला सांगूनही टाकलं होतं. वॉर्डात ती त्या आठवड्यात कुणाला फारसं रागावत नव्हती, आणि पेशंटांनी ते हेरलं होतं.

खिडकीजवळच्या पलंगावर लांब पल्ल्याच्या बसचे एक ड्रायव्हर होते. वॉर्डात ते वर्षभरात पुन्हा पुन्हा दाखल होत होते. दर वेळी फुगून यायचे, पाणी निचरून घरी जायचे, आणि परत फुगून यायचे. बोलायला गोड. "सिस्टर, तुमच्या काट्याची आणि माझी गाठ मागच्या जन्मीची आहे," म्हणायचे. गोळ्या रोज घेतो, हे शपथेवर सांगायचे.

त्या दिवशी सकाळची गोळी देऊन थोडा वेळ झाला होता. त्या ड्रायव्हरकाकांना घाईची लागली. बेल हाताशी होती, पलंगाखाली पॉट होता, पण ते ताडकन उठले आणि दाराकडे निघाले. दोन पावलं टाकली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काटासिस्टर शेजारच्या पलंगाशी होती. तिने हातातलं सगळं टाकलं, त्यांना कमरेला धरलं आणि पलंगावर बसवलं, मग आडवं करून पाय उंच केले. रक्तदाब घेतला. बराच खाली होता.

"बेल काय शोभेला दिलीय? डोकं फुटलं असतं म्हणजे?"

"तुमच्यासारख्या लेकीच्या वयाच्या बाईकडे पॉट कसा मागायचा?" काका डोळे मिटूनच म्हणाले.

"माझ्याकडे माणसं दुसरं काही मागतच नाहीत, काका. आणि मला खरं सांगा. गोळी रोज घेत असाल, तर दर वेळी असे सुजून कसे येता?"

जिवावरचं टळलं की माणूस खोटं बोलायला कंटाळतो. "ड्यूटीच्या दिवशी घेत नव्हतो," काका म्हणाले. "भरलेली गाडी घेऊन निघालेला माणूस मी. मधेच कुठे थांबवू? सुट्टी असली की घ्यायचो. राहिलेल्या सगळ्या मिळून."

"सगळ्या मिळून? गोळ्या आहेत की शेंगदाणे?"

"मी एकटाच असला शहाणा नाही. माझ्या गाडीत बसून बघा एकदा. म्हातारी माणसं मी आरशातून ओळखतो. बायका तर जास्तच. आदल्या दिवसापासून गोळी बंद, पाणी बंद. बाटली मांडीवर भरलेली, पण झाकण उघडायचं नाही. चढताना विचारतात, गाडी कुठे थांबेल हो? मी म्हणतो, थांबेल की. पण थांब्यावर संडासाला कुलूप नाहीतर ही रांग. उतरतात तेव्हा पाय सुजून चपला हातात. एकीला म्हटलं, आजी, गोळी चुकवून कशाला निघता असं? तर म्हणाली, गोळी रोजचीच आहे रे बाबा. लेक काय रोज भेटते?"

काकांच्या दंडावरचा पट्टा सोडता सोडता सिस्टरचे हात थांबले. भरलेली बाटली. इतक्या वर्षांत आईची बाटली एकदाही रिकामी निघाली नव्हती. आणि आईने दिवसभर तहान मारून जे पाणी प्यायलं नव्हतं, ते ती दर वेळी दारात उभं राहून घटाघटा पीत आली होती. चव आहे म्हणत.

"काय झालं, सिस्टर?" काकांनी विचारलं.

"काही नाही. पडून राहा," ती म्हणाली आणि पट्टा गुंडाळू लागली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला. आईने उचलला तो हसतच. "उशीला खोळ घातलीस का?"

"आई, येताना गोळी घेतेस?"

"कुठली?"

"लघवीची. प्रवासाच्या दिवशी."

पलीकडे वहिनीच्या कुकरची शिट्टी झाली. "त्या दिवशी कशी घेणार गं?" आई म्हणाली. "भर गाडीत हात वर करू का, शाळेतल्यासारखा?"

"आणि आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशीची दुसऱ्या दिवसापर्यंत अंगात राहिली तर? नकोच ते. पण बुडवत नाही मी एकही. तुझ्याकडे पोचले की राहिलेल्या सगळ्या घेते ना." हे तर तिने अभिमानाने सांगितलं.

न्हाणीच्या दाराशी घसरत बसलेली आई लेकीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आधी पाणी छातीपर्यंत चढू द्यायचं, मग एकदम उपसायचं, आणि निघायची वेळ आली की पुन्हा गोळी बंद. दर भेटीला आई हे करत होती, आणि त्या भेटीची वाट बघत ती इथे दिवस मोजत होती. बोलायचं पुष्कळ होतं. तोंडून भलतंच आलं. "तू येऊ नकोस."

"म्हणजे?"

"येऊच नकोस, आई. या खेपेला नको."

"बरं," आई म्हणाली. "उशी परत घेतात का बघ. खोळ नसेल घातली तर घेतील." आणि फोन ठेवला.

मेट्रनकडे ती गेली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि मेट्रन लाल डोळ्यांना भुलणारी बाई नव्हती. "आई येणार म्हणून मागत होतीस ती सुट्टी दिली. आता येणार नाही म्हणूनही सुट्टी? ठरव बाई काय ते."

"तीच सुट्टी. मीच जाते."

मेट्रनने तिच्याकडे बघितलं. आईकडे शेवटचं कधी गेली होतीस, असा प्रश्न तिच्या ओठांवर आला असावा, कारण उत्तर त्या दोघींनाही माहीत होतं. दर वेळी ड्यूटी आडवी यायची, आणि आई म्हणायची, तू कशाला धावपळ करतेस, मीच येते. मेट्रनने सही केली.

बसमध्ये ती नेहमीच्या सवयीने पाणी पीत गेली. थांबा आला. संडासाला कुलूप होतं, किल्ली चहावाल्याकडे होती आणि चहावाला कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. बायका एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. उरलेला रस्ता तिने पुढच्या सीटची दांडी धरून काढला. खड्डा आला की डोळ्यांत पाणी यायचं. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर भरलेली बाटली घेऊन बसली होती. तिच्या पायांकडे बघायची सिस्टरला हिंमत झाली नाही, आणि मग तिने मुद्दाम बघितलंच.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तोंड फुगवून. लेक येणार हे वहिनीने सांगितलेलं असणार, कारण केस विंचरलेले होते. सिस्टर फाटक उघडून आली, हातातलं खोकं आईच्या पायाशी टेकवलं, आणि "आले" एवढंच म्हणून तिला ओलांडून तडक आत पळाली. संडासाचं दार धाडकन लागलं.

बाहेर आली तेव्हा आई पोट धरून हसत होती. "कळलं ना?" आई म्हणाली. "कळलं ना आता?"

"कळलं," लेक म्हणाली आणि आईच्या पायाशी पायरीवर बसली. बसताना तिची नजर आईच्या पायांकडे गेली आणि तिथेच खिळली. पायात चपला होत्या. नीट बसलेल्या, पट्ट्यासकट. आणि पट्ट्याच्या वर दोन्ही बाजूंना घोटे होते. हाडाचे, टोकदार, जरासे काळवंडलेले. आईला घोटे आहेत हे ती विसरूनच गेली होती. वर्षानुवर्षं तिने आईला पाहिलं होतं ते प्रवासाची सूज घेऊन येताना, आणि ती सूज पुरती उतरायच्या आत परत निघताना. इथे घरात, रोजची गोळी घेऊन, रोजच्या पायांनी आई चालत होती. आणि ते पाय बघायला ती एकदाही आली नव्हती.

"काय बघतेस?"

तिने आईची नडगी हातात घेतली आणि अंगठा दाबला. जन्मात पहिल्यांदा. खड्डा पडला नाही. तरी तिने अंगठा उचलला नाही, आणि आईनेही पाय ओढून घेतला नाही.

"तू मला येऊ नको म्हणालीस," आई म्हणाली.

"चुकलं माझं. पण अशी येऊ नकोस. डॉक्टरांना विचारू, त्या दिवशीची गोळी पोचल्यावर घेतली तर चालेल का ते. नाहीतर मधे मुक्काम करू. ड्रायव्हरच्या मागची सीट घेऊ आणि त्याला आधीच सांगू. सांगितलं तर थांबवतात ते, कुणी सांगतच नाही. पण आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि राहिलेल्या एकदम तर कधीच नाही. मी येईन तुला न्यायला."

आईने मोजायला बोटं पुढे केली. "न्यायला येशील. म्हणजे सोडायलाही येशील?"

"येईन."

"म्हणजे एका खेपेत किती वेळा भेटशील ते बघ," आई म्हणाली, आणि तिचा राग पार पळाला. मग खोक्यात काय आणलंय ते तिने उघडून बघितलं. वजनकाटा होता. "कर्म माझं," ती वहिनीला हाक मारत म्हणाली. "लोकांच्या लेकी खाऊ आणतात."

राहायचे दिवस भर्रकन गेले. सिस्टरने वहिनीला काटा शिकवला, एक-दोन दिवसांत वजन चढलं तर लगेच फोन कर म्हणून बजावलं, आणि आईच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेतली पायपुसणी उचलून ठेवली. बाकी वेळ दोघी नुसत्या बसून होत्या. आईने इथल्या गल्लीतल्या लोकांनाही नावं ठेवलेली होती. ती लेकीला एकेक माणूस दाखवत होती, आणि लेकीच्या मनात येत होतं, हे सगळं इतकी वर्षं इथे चाललं होतं आणि मी तिकडे रिकाम्या खिडकीकडे बघत होते.

निघायच्या सकाळी आईने चहाबरोबर गोळी बाजूला सारली. "आजचा दिवस उशिरा घेते. तुला सोडायला कोपऱ्यावर यायचंय मला."

लेकीने गोळी उचलून तळहातावर धरली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आईने तोंड वाकडं केलं, गोळी घेतली आणि गिळली. "दुष्ट आहेस," म्हणाली.

बसची वेळ झाली. पिशवी खांद्यावर आली. वहिनीने दारातून कोपऱ्याकडे डोकावून बघितलं. आईने भरलेली बाटली लेकीच्या हातात दिली, तिच्या गालाला हात लावला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एकदम तिचा चेहरा बदलला. "थांब गं, आलेच मी," म्हणत ती आत गेली. संडासाची कडी लागली.

लेक दाराबाहेर उभी राहिली. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. पुढची बस दुपारची होती, ती घरी पोचवेपर्यंत मध्यरात्र व्हायची आणि सकाळी काटा घेऊन उभं राहायचं होतं.

"गेलीस का गं?" आतून आईचा आवाज आला. घाबरा. मागोमाग धडपडल्यासारखं काहीतरी वाजलं. "आले, आले, उठतेच आहे!"

"घाई करू नकोस," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "सावकाश उठ, आई."

हॉर्न पुन्हा वाजला. तिने खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली.

"मी आहे इथेच," ती म्हणाली.